डिलक्स रिव्हर्ब ठेवू की मॉडेलर घेऊ?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकतो.

माझ्याकडे फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूबवर चालणारा गिटार अ‍ॅम्प आहे, रीइश्यू, म्हणजे जुन्याची नवी आवृत्ती. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, २२ वॅट, १२ इंची एकच स्पीकर. त्याच्या आवाजावर माझा जीव आहे, पण तो आवाज ऐकायला मिळतो क्वचितच. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं लहान बाळ. व्हॉल्यूम दोनच्या वर नेता येत नाही, आणि दोनवर हा अ‍ॅम्प नुसता स्वच्छ वाजतो. पाचाच्या आसपास तो जो फुटायला लागतो, जोरात छेडलं तर खरखरतो आणि हळू छेडलं तर पुन्हा निवळतो, तिथवर घरी पोचताच येत नाही.

बँड चौघांचा. ब्लूज-रॉक आणि थोडी स्वतःची गाणी. बहुतेक ठिकाणी पीए (लोकांसाठीचे मोठे स्पीकर आणि मिक्सर) असतो आणि अ‍ॅम्पसमोर माइक लावतात. एखाद्या लहान जागी पीएवर फक्त गायकाचा आवाज असतो, गिटार थेट अ‍ॅम्पमधूनच लोकांपर्यंत जाते.

मित्राचा मॉडेलर, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पांचे आवाज डिजिटल गणिताने काढणारं यंत्र, काही दिवस घरी आणला होता. त्यात माझाच अ‍ॅम्प निवडला आणि हेडफोन लावून वाजवलं. आवाज ओळखीचा होता, पण मेलेला वाटला. तार छेडल्यावर अंगाला जे कळतं ते कळत नव्हतं. दुसऱ्या बाजूला, रात्री अकराला मनसोक्त वाजवता आलं हेही खरं.

दोन्ही ठेवणं मला जमणार नाही. ट्यूबमध्ये खरंच असं काही आहे का, जे मॉडेलरला येत नाही? की माझ्या कानांचाच समज आहे? ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगावं.

---

गरम_काच

विकू नका, एवढंच आधी सांगतो.

मी आयुष्यभर ट्यूबवरच वाजवलंय आणि मॉडेलरही प्रामाणिकपणे वापरून पाहिलाय. माझी अडचण आवाजाची नव्हतीच. अडचण अशी की संध्याकाळी गिटार हातात घ्यायची आणि तासभर पडद्यावर कॅब (स्पीकरचं खोकं) बदलत बसायचं. तुमच्या अ‍ॅम्पला व्हॉल्यूम, ट्रेबल, बास, रिव्हर्ब, ट्रेमोलो एवढंच. दोन मिनिटांत बटणं लागतात आणि उरलेला वेळ वाजवण्यात जातो. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की ताल, दहावर नेला की सोलो. बोटं हे शिकतात आणि ते कायमचं राहतं.

दुसरं, अ‍ॅम्पच्या समोर उभं राहून एक सूर धरला की स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते आणि सूर लांबतच जातो. हेडफोनवर हे होऊच शकत नाही, कारण तिथे तारेपर्यंत काही पोचतच नाही.

---

फेडर_वर

मी मिक्सरच्या मागे बसतो, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

छोट्या जागेत माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे स्टेजवरचा गिटार अ‍ॅम्प. कॉम्बो जमिनीवर, गिटारिस्टच्या गुडघ्यामागे. त्याला वाटतं आवाज कमी आहे, कारण तो स्पीकरच्या रेषेच्या वर उभा असतो. पहिल्या रांगेत नेमका त्या रेषेत बसलेल्या माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही. गायकाच्या माइकमध्ये ड्रम आणि गिटार जास्त, गाणं कमी. मॉडेलर थेट मिक्सरला जोडला की हा प्रश्नच मिटतो. मेटॅलिकाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात कार्यक्रम केला तेव्हा बाहेर एकही अ‍ॅम्प घुमत नव्हता, श्रोत्यांनी हेडफोनवर ऐकलं. इतक्या टोकाला आपल्याला जायचं नाही, पण दिशा लक्षात येईल.

एक सावधगिरी मात्र घ्या. घरी हळू आवाजात बसवलेला पॅच (मॉडेलरमध्ये साठवलेला टोन) पीएवर वाईट वाजतो, तळाला गढूळ आणि वर माशी घोंघावल्यासारखा. कॅबनंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, आणि वरचं साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झपासून उतरवा. गिटारचा १२ इंची स्पीकर तसाही ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने कोसळतो, त्यामुळे तिथे गमावण्यासारखं फार काही नसतं.

---

रोहित्र

सहावी_तार, मी अ‍ॅम्प दुरुस्त करते, हाच माझा व्यवसाय. टेबलावर दिवसभर ट्यूब अ‍ॅम्प उघडे पडलेले असतात आणि कार्यक्रमांना मी मॉडेलर घेऊन जाते. दोन्हींवर माझं प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जी तुलना केलीत ती ट्यूब आणि डिजिटलची नव्हती. एकीकडे खोलीत वाजणारा स्पीकर होता, दुसरीकडे त्या स्पीकरसमोर लावलेल्या माइकचं रेकॉर्डिंग, आणि तेही कानाला चिकटलेलं. मॉडेलरमधून हेडफोनला जे मिळतं त्यात प्रीअँप (टोन घडवणारा पहिला टप्पा), पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा टप्पा), कॅब आणि माइक असं सगळं असतं. कॅब आणि माइकचा भाग म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, त्यांच्या आवाजाचा मोजून घेतलेला डिजिटल ठसा, ज्याला सगळे आयआर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने धरून, २०४८ नमुन्यांचा आयआर धरला तर तो जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे जाळीपासून काही इंचांवर ठेवलेल्या माइकला जे ऐकू येतं तेवढंच. तुमच्या खोलीच्या भिंती, कॉम्बोच्या उघड्या पाठीतून मागच्या भिंतीवर आदळून येणारा आवाज, पायाखाली थरथरणारी फरशी, यातलं त्यात काहीच नाही. तुमच्याच खऱ्या अ‍ॅम्पला माइक लावून, दुसऱ्या खोलीत बसून हेडफोनवर ऐकलंत तर तोही तुम्हाला असाच ‘मेलेला’ वाटेल. स्टुडिओत पहिल्यांदा स्वतःचा टेक ऐकणाऱ्या प्रत्येक गिटारिस्टच्या चेहऱ्यावर हे दिसतं.

आणि एक गोष्ट कळीची आहे: तुमच्या श्रोत्यांनी, जिथे जिथे माइक लावला होता तिथे, कायम हाच आवाज ऐकलाय. तुमच्या गुडघ्यामागचा नाही.

आता आवाजाच्या पातळीचं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. तोच टोन मोठ्याने वाजवला की भरलेला, जिवंत वाटतो. त्यामुळे दोन यंत्रांमधलं एक किंचित जरी मोठं असेल तरी कान त्यालाच कौल देतो. पातळी मोजून सारखी केल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना मी मनावर घेत नाही.

इथेच एक गैरसमज दूर करते, कारण लोक हमखास सुचवतात: ‘घरासाठी ५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घे.’ २२ वरून ५ वॅटवर आलात तर पातळी साधारण साडेसहा डेसिबलने उतरते. कानाला निम्मा वाटायला दहा डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट एक दशांश करावे लागतात. गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम असतात. ग्रीनबॅक जातीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९८ डेसिबल देतो, व्हिंटेज ३० तर १००. तेव्हा १ वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा फुटेपर्यंत वाजवला तर शेजारचं बाळ उठणारच. स्वतःच्या कानांचाही विचार करा. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला रोज आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं.

मग ट्यूबमध्ये काहीच नाही का? आहे, आणि ते मला रोज ऑसिलोस्कोपवर दिसतं. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) आहे. जोरात छेडलंत की पॉवर ट्यूब एकदम जास्त करंट मागतात, पुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसतो आणि क्षणभराने सावरतो. सुराचा अग्रभाग दबतो आणि मागून तो फुलतो. बोटांना जे लवचीक वाटतं ते हेच, याला ‘सॅग’ म्हणतात. त्यात भर म्हणजे ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पपेक्षा बराच जास्त असतो. स्पीकरचा इम्पिडन्स नावाला ८ ओम, प्रत्यक्षात तो खर्जातल्या अनुनादाशी उंच चढतो, मध्ये उतरतो आणि वरच्या बाजूला पुन्हा वाढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प या चढउतारांना दाद देतो, म्हणून खालचा ठोका आणि वरची धार दोन्ही उठून येतात. ट्रान्झिस्टरचा पॉवर अँप तिथे ढिम्म राहतो. हा फरक खरा आहे, कल्पनेतला नाही.

पण आजचे चांगले मॉडेलर या दोन्ही गोष्टींचं गणित करतात. ‘डिजिटल म्हणजे प्लास्टिक’ हे मत बऱ्याच जणांनी १९९८ साली आलेल्या त्या लाल, राजम्याच्या दाण्यासारख्या पॉड नावाच्या मॉडेलरवर बनवलं आणि मग पुन्हा ऐकलंच नाही. २००६ मध्ये अ‍ॅक्स-एफएक्स आला, २०११ मध्ये केम्परने प्रोफाइलची कल्पना समोर आणली, २०१५ मध्ये हेलिक्स. दरम्यान प्रोसेसर कुठल्या कुठे गेले. सॅग, बायस (ट्यूबमधला विश्रांतीचा करंट) सरकणं, स्पीकरचा इम्पिडन्स, हे सगळं आता आत असतं.

निवडताना एक भेद मात्र नीट समजून घ्या. प्रोफाइल किंवा कॅप्चर म्हणजे एका अ‍ॅम्पची, बटणं एका ठिकाणी असतानाची प्रतिमा. त्या जागी ती थक्क करणारी अचूक असते आणि गिटारच्या व्हॉल्यूमला, बोटांच्या जोराला प्रतिसादही देते. पण ट्रेबल फिरवलात की तो त्या अ‍ॅम्पचा ट्रेबल राहत नाही, यंत्राचा स्वतःचा असतो. याउलट सर्किटच्या भागाभागाचं मॉडेल केलेलं असेल तर बटणं मूळ अ‍ॅम्पसारखीच एकमेकांत गुंततात. तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुम्ही बटणं एकदा लावून गिटारवरून सगळं करता. तुम्हाला चांगलं कॅप्चर पुरेल. मला पुरत नाही, मी सतत बटणांशी खेळते.

विकत घेण्याआधी एक परीक्षा जरूर करा. भरपूर गेन (आवाज फुटेल एवढी विकृती) लावून वरच्या फ्रेटवर, पहिल्या तारेवर बेंड करा आणि लक्षपूर्वक ऐका. सूर वर जाताना मागे एखादा बारीक सूर उलटा खाली सरकताना ऐकू आला तर ते एलियासिंग. विकृतीतून तयार झालेले, ४८ किलोहर्ट्झच्या निम्म्याच्या, म्हणजे २४ च्या पलीकडचे स्वर दुमडून खाली येतात. चांगल्या यंत्रात आत अनेकपट जास्त वेगाने गणित करून हे दाबलेलं असतं, स्वस्तातल्यात नसतं. बेंड केल्याशिवाय ते सापडत नाही, एका जागी वाजवलेल्या कॉर्डमध्ये लपून जातं.

लेटन्सीची, म्हणजे छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची, चिंता करू नका. मॉडेलरचे दोन-तीन मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्पपासून मीटरभर मागे सरकून उभं राहणं, कारण आवाज एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतोच. मात्र डिजिटल वायरलेस, मॉडेलर, डिजिटल मिक्सर आणि परत वायरलेस इन-इअर हेडफोन अशी साखळी लावलीत तर बेरीज जाणवू लागते.

तर खरी तुलना अशी करा. मॉडेलरमधला कॅब आणि माइक बंद करा. पॉवर अँपचं मॉडेल चालू ठेवा. त्याचा आउटपुट एका छोट्या ट्रान्झिस्टर पॉवर अँपला द्या आणि तो तुमच्याच कॉम्बोच्या १२ इंची स्पीकरला. त्याच खोलीत, तोच स्पीकर, त्याच उंचीवर. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्हींची पातळी सारखी करा. दुपारी, बाळ बाहेर गेलेलं असताना, मोठ्याने. मित्राला बदलाबदल करायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून वाजवा. यानंतर जो फरक उरेल तोच ट्यूबचा.

सूचना: स्पीकर काढलेला असताना ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही. तुमच्या अ‍ॅम्पचा मुख्य जॅक प्लग काढल्यावर आउटपुट शॉर्ट करून ट्रान्सफॉर्मर वाचवण्याचा प्रयत्न करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅम्प पूर्ण बंद, आणि चासी उघडायची तर अजिबात नाही. आतले कपॅसिटर वायर भिंतीतून काढल्यावरही ४०० व्होल्टच्या घरात भारलेले राहू शकतात.

माझा अंदाज विचाराल तर: स्वच्छ टोनवर तुम्हाला ओळखता येणार नाही. फुटण्याच्या काठावर कदाचित येईल. आणि तुमचा जीव ज्यावर आहे त्याचा मोठा भाग तो स्पीकर आहे, हे तुम्हाला कळेल.

अवांतर: सगळे मॉडेलर ज्या मोजक्या अ‍ॅम्पांभोवती फिरतात ती वंशावळ गोड आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटचा फेंडरचा बेसमन खरं तर बेस गिटारसाठी बनला. त्याच्याच सर्किटवरून मार्शलचा पहिला जेटीएम४५ उतरला आणि तिथून मार्शलचाच प्लेक्सी. एवढ्या वर्षांनी आज कोड लिहिणारे त्याच रेझिस्टरच्या किमती टाइप करताहेत. मला याचा फार आनंद होतो.

---

गरम_काच

रोहित्र, स्पीकरचा मुद्दा पूर्ण मान्य. पण दुरुस्तीवर तुम्हीच लिहायला हवं. साठ वर्षांचा अ‍ॅम्प आजही वाजतो. मॉडेलरचं काय?

---

रोहित्र

बरोबर, ते राहिलंच. १९६५ चा अ‍ॅम्प टेबलावर आला तर मला सर्किटचा कागद मिळतो, प्रत्येक भाग बाजारात मिळतो, आणि फिल्टर कपॅसिटर बदलून, बायस लावून तो परत जातो. तुमच्या-माझ्यानंतरही तो वाजेल. डिजिटल यंत्राचा जॅक, स्विच, पॉवर सप्लाय मी बदलू शकते. मुख्य चिप गेली किंवा पडदा मिळेनासा झाला तर माझे हात बांधलेले. या बाबतीत ट्यूब अ‍ॅम्प जिंकतो आणि त्यात मला जराही शंका नाही.

मात्र ट्यूबही झिजतात, आणि आज त्या बनतात मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा काही काळ सगळ्या दुरुस्तीवाल्यांची धावपळ झाली होती. प्रीअँपच्या १२एएक्स७ ट्यूब वर्षानुवर्षं टिकतात. पॉवर ट्यूब जितक्या जोरात राबवाल तितक्या लवकर जातात.

---

सहावी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. रोहित्र, तुम्ही सांगितलेली परीक्षा या रविवारी केली. ड्रमरने अ‍ॅम्प बदलले, मी खिडकीकडे तोंड करून वाजवलं.

स्वच्छ टोनवर मी अक्षरशः अंदाज लावत होतो. फुटण्याच्या काठावर मात्र ओळखता आलं. छेडताना नाही, सूर मरताना. माझ्या अ‍ॅम्पवर विकृती विरत विरत स्वच्छ होते तो शेवटचा टप्पा जास्त रेशमी होता. पण हेडफोनवर जे मेलेपण वाटलं होतं ते गायब! अंगाला कळणारं सगळं मॉडेलरमध्येही होतं. मला हे अपेक्षित नव्हतं.

आता प्रश्न बदललाय. अ‍ॅम्प ठेवून रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची ताकद झेलणारा डबा) घेतला तर? अ‍ॅम्प पाचवर, आवाज हेडफोनमध्ये.

---

रोहित्र

सूर मरतानाचा फरक ऐकलात, म्हणजे कान तयार आहेत. मलाही तिथेच ऐकू येतो.

लोड बॉक्स चालेल, पण तुमच्या गरजांसमोर ठेवून पाहा. एक, हेडफोनवर पुन्हा आयआरच येणार, म्हणजे ‘मेलेपणा’ परत. त्याला थोडा खोलीचा रिव्हर्ब द्यावा लागेल. दोन, रोज रात्री अ‍ॅम्प पाचवर राबणार, ६व्ही६ लवकर बदलाव्या लागतील. तीन, कार्यक्रमाला १९ किलोचा कॉम्बो उचलणं काही सुटत नाही.

मी तुमच्या जागी असते तर मॉडेलर घेतला असता आणि पॉवर अँपसह त्याला एक १२ इंची गिटार कॅब जोडली असती. पीए असेल तिथे आयआरसह थेट मिक्सरला, पीए नसेल तिथे आयआरशिवाय कॅबला. बरेच मॉडेलर दोन आउटपुटना असे वेगवेगळे मार्ग देतात, घेण्याआधी एवढं नक्की तपासा. तुम्ही रोज रात्री वाजवता, आणि रोज वाजवता येणारं वाद्य हेच तुमचं मुख्य वाद्य. अ‍ॅम्प विकायचाच झाला तर स्पीकर काढून ठेवून विकू नका, पुढच्या माणसाला तो पूर्ण मिळू दे.

---

सहावी_तार

पटलं. कॅब उघड्या पाठीची घेऊ की बंद?

---

रोहित्र

तुमच्या टोनसाठी उघड्या पाठीची. आवाज मागूनही खोलीत पसरतो आणि तुम्हाला डिलक्सची तीच सवय आहे. बंद पाठीत खर्ज घट्ट होतो पण सगळा आवाज पुढेच जातो. स्पीकर ८ ओमचा घ्या आणि पॉवर अँप ८ ओमला किती वॅट देतो ते बघा. बरेच उत्पादक ४ ओमचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, ८ ला तो जवळपास निम्मा होतो. आणि पॉवर अँप ते कॅब ही वायर स्पीकरचीच हवी, गिटारची नाही. दिसायला प्लग सारखाच असतो, पण आतली तार बारीक असते आणि जोरात वाजवताना तापते.